काचेवरचा साबण

१४ नोव्हेंबर

फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभं राहायचं नाही. हिवाळा संपेपर्यंत तोंड दाखवायचं नाही, मग बघू. एवढंच म्हणाली होतीस तू. पत्राचं नाव काढलं नव्हतंस. तेव्हा मी काही मोडलेलं नाही. मोडलं असं वाटत असेल तर न वाचता फाड. फाडण्याआधी एवढं मात्र वाच, की तुझी दुर्बीण माझ्याकडे आहे. त्या दिवशीच्या गडबडीत माझ्या पिशवीत राहिली. सुखरूप आहे.

वर 'प्रिय' लिहून खोडलंय. तरी वाचता येत असेल तर तो कागदाचा दोष.

मी आत्याकडे आलोय. बाबांनी घराबाहेर काढलं म्हण किंवा मी निघालो म्हण, दोघांचं एकदमच ठरलं. आत्याचं घर गावाच्या अगदी टोकाला आहे. मागे बाग, बागेमागे शेतं, शेतांपलीकडे तळं. आत्याने अख्खी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात काढली. ती निवृत्त झाली, तिचा आवाज झालेला नाही. मी बागेत असलो की स्वयंपाकघरातून येतं, "लक्ष द्या. चहा ओतलेला आहे. थंड झाल्यास घर जबाबदार राहणार नाही." पलीकडच्या शेतातली माणसंसुद्धा हातातलं काम थांबवतात.

आल्या दिवशी तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

"कॉलेज सोडलंस म्हणे."

"हो."

"का?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"कुणाच्या?"

मी पिशवी उचलून आत नेली. कुणाच्या ते तुला ठाऊक आहे. प्रॅक्टिकलच्या सरांनी तुझं जर्नल सगळ्यांसमोर टेबलावर आपटलं, म्हणाले हे दुसऱ्याचं उतरवलेलं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू तोंड उघडायच्या आत मी टेबल उलटं केलं होतं. नमुन्यांच्या बरण्या फुटल्या, त्यांच्यातलं पाणी सगळीकडे झालं. तो वास अजून माझ्या स्वेटरला आहे. मला वाटलं होतं, बाहेर आल्यावर तू निदान माझ्याकडे बघशील तरी. बघितलंस, आणि म्हणालीस, "भांडण माझं होतं. मी ते उद्या जिंकणार होते. तुला कुणी बोलावलं होतं?" ते वाक्य मी अजून चघळतोय. गिळवत नाही, थुंकवत नाही. कॉलेजने म्हटलं माफीचं पत्र लिही, तर मी कॉलेजच सोडलं. एक पत्र लिहायला नको म्हणून. आणि आता बघ.

असो. सांगायचं होतं ते दुसरंच.

आत्याच्या स्वयंपाकघराला बागेच्या बाजूने एक मोठी काच आहे. इतकी मळकी की सांगता सोय नाही. वरपासून खालपर्यंत पांढुरके ओघळ. बागेत एक बंद पडलेला हापसा आहे, त्याचा दांडा आडवा होऊन गंजलाय. काल सकाळी आत्या कप हातात घेऊन काचेशी उभी होती. एकदम म्हणाली, "आली."

"कोण आली?"

"सकाळची गाडी."

दांड्यावर चिमणीएवढा एक पक्षी बसला होता. वरून काजळीसारखा, पोटाकडून विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. आणि त्याची शेपटी थरथरत होती. थंडीने नाही, भीतीने नाही. कुणीतरी तार छेडून निघून जावं आणि ती आपली आपण वाजत राहावी, तशी. आत्या म्हणाली, याला थिरथिरा म्हणतात. दर हिवाळ्यात येतो. याच बागेत, याच दांड्यावर.

"पण दरवर्षी तोच कशावरून?"

"मला काय करायचंय? गाडी वेळेवर लागली की झालं, ड्रायव्हर कोण का असेना."

मी तुझी दुर्बीण डोळ्याला लावली. तुला आठवतं, तू मला कॉलेजमागच्या ओढ्यावर नेलं होतंस आणि मी अखंड बडबडत होतो? तू म्हणालीस, "गप्प बसलास तर काहीतरी दिसेल." मला तेव्हा वाटायचं, पक्षी हे निमित्त आहे. काल त्या शेपटीकडे बघताना मी किती वेळ बोललो नाही ते आत्यालाच विचार. तिला वाटलं मला बरं नाही.

एवढासा जीव. डोंगर ओलांडून येतो, तोही अंधारात, आणि इतक्या मोठ्या पृथ्वीवर नेमक्या या गंजक्या दांड्यावर उतरतो. मला आत्याचं घर शोधताना दोनदा चुकायला झालं, आणि माझ्याकडे पत्ता होता.

काडेपेटी
(नाव तूच ठेवलंस. तक्रार नाही.)


२९ नोव्हेंबर

मागच्या पत्राचं उत्तर नाही आलं. येईल असं म्हटलंही नव्हतंस. मी नुसतं नोंदवतोय.

मी रोज पहाटे शेतांकडे जातो. गवतावर दव असतं, गुडघ्यापर्यंत भिजायला होतं. आत्याने मला तिची एक जुनी कानटोपी दिली आहे, जांभळी, वर गोंडा. दूधवाला सायकल थांबवून विचारतो, "काय साहेब, वर काही सापडलं का?" पहिल्या दिवशी मी भांडलो. आता सांगतो. धोबी सापडला, म्हणतो. पाण्याच्या कडेने लगबगीने चालणारा, शेपटी वरखाली आपटणारा, करड्या पाठीचा. दूधवाला म्हणतो, "हा होय! हा तर आमच्या गोठ्यात असतो." ज्याला बघून माझा श्वास अडकतो तो यांच्या गोठ्यात असतो.

पण आज धोबी राहू दे. काल संध्याकाळी मी तळ्यावर गेलो होतो. आत्या म्हणाली होती, ऊन कलतं तेव्हा जा, आणि गेल्यावर हलू नकोस. तळ्याच्या एका अंगाला उंच दाट पाणगवत आहे. मी बांधावर बसलो. काही नव्हतं. एक बगळा होता, तोही कंटाळलेला. मी उठायच्या बेतात होतो, मला तू ओळखतेसच, तेवढ्यात लांब आभाळाला एक मळकट डाग पडला. मग दुसरा. मग चारी दिशांनी. डाग एकमेकांत मिसळले आणि हलायला लागले.

भोरड्या. मैनेच्या जातीतल्या, अंगाने गुलाबी, डोक्याने काळ्या. दिवसभर रानोमाळ पांगतात आणि संध्याकाळी झोपायला त्या पाणगवतात येतात. हे मला आत्याने नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की आभाळ जिवंत झालंय. ते लांबायचं, दुमडायचं, पीळ घालायचं, मध्येच विरळ होऊन धुरासारखं व्हायचं आणि पुन्हा गच्च काळं. डोक्यावरून गेलं तेव्हा आवाज आला. ओरडण्याचा नाही, नुसत्या पंखांचा. एखादं अख्खं गाव एकदम कुजबुजलं तर कसं वाटेल, तसा. मी बांधावरून घसरून चिखलात बसलो ते तिथेच बसलो.

मग ससाणा आला. एकटा, वरून, दगड सोडावा तसा. मी ओरडणार होतो. पण त्याच्यासमोर सगळ्या थव्याची एक मूठ झाली, ती मूठ डावीकडे फिरली, आणि ससाण्याच्या हाती रिकामी हवा लागली. पुन्हा आला, पुन्हा तेच. कुणी हुकूम देत नव्हतं, कुणी पुढारी नव्हता. हजारो जीव वाऱ्यासारखे वळतात आणि एकाचाही पंख दुसऱ्याला लागत नाही. माझ्या डोक्यात दोन विचार एकदम आले तर त्यांची टक्कर होते.

आणि मग, खालून कुणी चादर ओढून घ्यावी तसा सगळा थवा एकदम गवतात उतरला. आभाळ रिकामं. गवतातून किलबिल, आणि मग तीही नाही.

घरी आलो. आत्या माझ्या चिखलाकडे बघून म्हणाली, "बघितलंस?"

"बघितलं."

एवढंच. तिने गरम पाणी दिलं. तू शेजारी हवी होतीस हे मी लिहिणार नव्हतो. लिहिलं.

काडेपेटी


१९ डिसेंबर

पोस्टमन आता आमच्या घरासमोरून जाताना माझ्याकडे बघत नाही, पॅडल जोरात मारतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

काल आपल्या वर्गातल्या जाड्याचा फोन आला होता. तू फोन करू नकोस म्हणालीस ते मला, जाड्याने मला करू नये असं काही नव्हतं. म्हणाला, तू रोज लायब्ररीत त्या पहिल्या बाकावरच्या चष्मिसशेजारी बसतेस. संध्याकाळपर्यंत. तो तुला काहीतरी वाचून दाखवतो आणि तू लिहून घेतेस. मला काय त्याचं? मी काही विचारत नाहीये. तुला वाचता येत नाही का, एवढंच विचारतोय.

पक्षी ठीक आहेत. थिरथिरा रोज येतो. आज आत्या दिवसभर तालुक्याला गेली होती, डोळे तपासायला. जाताना म्हणाली, "इतके दिवस राहिलास, माझ्या घरात एक काम धड केलंस का?" मला लागलं ते. ती गेल्यावर मी स्वयंपाकघराची काच घासली. आतून, बाहेरून, स्टुलावर चढून. पहिलं पाणी दुधासारखं उतरलं. किती वर्षांचं साठलं होतं कोण जाणे. संध्याकाळी काच आहे की नाही ते कळेना, अख्खी बाग तिच्यात दिसत होती. आत्या अंधार पडल्यावर आली, डोळ्यांत औषध घातलेलं, तिला काही दिसलं नाही. उद्या बघेल.

उद्या मी इथे नसेन. आणखी काही लिहीत नाही. लवकरच तुला कळेल.


२१ डिसेंबर

मी आलो नाही हे तुला कळलंच असेल. मी येणार होतो हे तुला कळलं नसेल, म्हणून सगळं सांगतो.

काल सकाळच्या पहिल्या गाडीने मी तुझ्या कॉलेजवर येणार होतो. पिशवी भरली होती. लायब्ररीत शिरायचं, चष्मिसचा चष्मा काढून त्याच्या हातात द्यायचा आणि मग जे व्हायचं ते होईल, इथपर्यंत माझं ठरलं होतं. मग पुढे तू मला काय म्हणशील आणि मी तुला काय म्हणेन, ते रात्री अंथरुणात पडून पाठ केलं होतं. तुझी वाक्यंसुद्धा मीच लिहिली होती. छान होती.

उजाडत होतं. मी पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघरात आलो, आत्याला सांगायला. ती चुलीशी पाठमोरी होती. मी तोंड उघडलं आणि काचेवर 'ठप' असं वाजलं.

फार मोठा आवाज नव्हता. कुणीतरी ओला हातरुमाल फेकून मारावा, तेवढाच. आत्या गर्रकन वळली. काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग असता तर बरं झालं असतं.

"कुणी पुसली ही?"

"मी. मला वाटलं..."

ती ऐकायला थांबली नाही.

ऐक. ती काच मळकी नव्हतीच. थंडी पडायला लागली की आत्या दरवर्षी कपड्यांचा साबण ओला करून बाहेरून काचेवर नागमोडी रेघा ओढते. पक्ष्याला काच दिसत नाही, काचेत पडलेली बाग दिसते, आणि तो त्या बागेत जायला निघतो. मी बाग इतकी स्वच्छ दाखवली होती की त्याने तिच्यावर विश्वास ठेवला.

थिरथिरा खिडकीखाली मातीत पडला होता. एक पंख उघडा, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. शेपटी हलत नव्हती. इतक्या दिवसांत मी ती शेपटी थांबलेली पहिल्यांदा बघितली. मी म्हटलं, पाणी आणतो.

"पाणी नको. तोंडाशी काही न्यायचं नाही. उचल त्याला."

"मी?"

"मग काय मी? माझ्या डोळ्यांत औषध आहे. दोन्ही हातांनी. दाबू नकोस, आणि सोडूही नकोस."

मी उचलला. काय सांगू तुला? त्याला वजनच नव्हतं. चार ओळींच्या पत्राचं असतं ना, तेवढं. मला वाटलं होतं, डोंगर ओलांडणारं काहीतरी हाताला लागेल. हाताला लागली नुसती ऊब, आणि ऊबेच्या आत एक धडधड, इतकी वेगाची की ती धडधड न राहता गुणगुण झाली होती. त्या एवढ्याशा यंत्रावर तो पर्वत पार करून आला होता, आणि एका पुसलेल्या काचेने खाली पडला होता. मी श्वास घ्यायलाही घाबरत होतो, न जाणो माझ्या श्वासाचंच ओझं व्हायचं.

आत्याने माझ्या बुटांचं खोकं आणलं, आत जुना मऊ पंचा घातला. त्याला आत ठेवलं, झाकण लावलं, खोकं माझ्या मांडीवर दिलं.

"आता बसायचं. उघडून बघायचं नाही, हलवायचं नाही, बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"त्याला लागेल तेवढा."

मी पायरीवर बसलो. पिशवी अजून खांद्यालाच होती. लांबून गाडीचा आवाज आला. आमच्या वळणावर ती हॉर्न देते. आत्या दारातून म्हणाली, घोषणेच्या आवाजात नाही, साध्या आवाजात, "तुझी गाडी आली वाटतं."

म्हणजे तिला पिशवी दिसली होती.

"जाऊ दे," मी म्हटलं.

गाडी गेली. ऊन पायरीवर आलं, मग माझ्या पायांवर, मग खोक्यावर. मी खोकं सावलीत सरकवलं. आतून काहीच आवाज नव्हता. कितीदा वाटलं, झाकणाचा एक कोपरा उचलावा. नुसतं बघावं, आहे ना? बोट झाकणाला लागलंही होतं. तेव्हा मला तुझा चेहरा आठवला, फाटकाशी येऊ नकोस म्हणतानाचा. मी बोट मागे घेतलं. हे मी तुला पटवायला लिहीत नाहीये. झालं ते लिहितोय.

आणि मग आत खसखस झालं. पंच्यावर नखं.

आत्या म्हणाली, "आता."

हापशाजवळ जाऊन मी झाकण काढलं. तो खोक्याच्या काठावर चढला, आणि तिथून उडाला नाही, माझ्या बोटावर आला. पाय तारेसारखे बारीक, आणि केवढी पकड! माझ्याकडे बघितलं त्याने. डोळ्याच्या त्या काळ्या मण्यात मी आणि आत्याची जांभळी टोपी मावलो होतो. मी हात हलवला नाही. शेपटी एकदा हलली. थांबली. मग थरथरायला लागली, आणि ती थरथर माझ्या बोटातून मनगटापर्यंत आली, मनगटातून कुठे कुठे गेली ते मला सांगता येणार नाही.

मग बोट रिकामं झालं आणि दांडा भरला.

आत्याने माझ्या हातात साबणाची वडी ठेवली. "नागमोडी ओढ. आणि नाक पूस."

दुर्बीण गडबडीत राहिली नव्हती. मी मुद्दाम ठेवून घेतली होती, तुला ती मागायला तरी यावं लागेल म्हणून. उद्या पोस्टाने पाठवू का ते कळव. कळवलं नाहीस तर पाठवतो.


८ जानेवारी

तुझं पाकीट आलं! पोस्टमनने स्वतः फाटक उघडून आणून दिलं, आणि मी उघडेपर्यंत तिथेच उभा राहिला.

आत पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी तुला ठाऊकच आहे, पण मी ती इथे उतरवतो, मला लिहून बघायची आहे. "साबण धुक्याने उतरतो. या पट्ट्या बाहेरून लाव, आतून नाही. उभ्या, चार बोटांच्या अंतराने. दुर्बीण पाठवू नकोस, पोस्टात फुटेल. ज्याचा चष्मा तू काढणार होतास तो माझं जर्नल पुन्हा लिहायला मदत करतोय. जुनं बरण्यांच्या पाण्यात भिजलं होतं."

शेवटचं वाक्य मी दोनदा उतरवलं. मग उठून पट्ट्या लावल्या. आत्या खालून सूचना देत होती, "डावीकडची गाडी थोडी मागे घ्या. आणखी मागे. बस!" आता उजेड आला की फरशीवर पट्ट्यापट्ट्यांचं ऊन पडतं.

थिरथिरा तीन दिवस लांबच्या कुंपणावर बसत होता. आज दांड्यावर आला.

सरांना पत्र टाकलंय. दीड ओळीचं. त्यात तुझं नाव नाही, माझंच आहे सगळं.

काडेपेटी


११ फेब्रुवारी

हे फक्त तुझी चिठ्ठी मिळाली म्हणून कळवायला. "थिरथिरा जायच्या आत त्याला बघायचंय. मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारच्या गाडीने येते. त्याच्यासाठी येतेय, गैरसमज करून घेऊ नकोस."

गैरसमज केलेला नाही. आत्याला दाखवलं, तर म्हणाली, "मग तू कशाला केस कापायला निघालास?"

मी आता त्याच्या पाळतीवर आहे. सकाळी दांडा, दुपारी पेरूचं झाड, उन्हं उतरताना पुन्हा दांडा. ऊन तापायला लागलंय. तो हल्ली मध्येच थांबून उत्तरेकडे तोंड करून बसतो. मी त्याला म्हणतो, एवढा रविवार काढ, राजा. आत्या ऐकते आणि हसू लपवायला भांडी वाजवते.


बुधवार

थिरथिरा गेला.

काल संध्याकाळी दांड्यावर होता. आज सकाळी नाही. दुपारी नाही. पेरूवर नाही, कुंपणावर नाही, तळ्याच्या वाटेवर नाही. मी अख्खं शिवार पालथं घातलं. आत्या म्हणाली, "शोधू नकोस. काल रात्री चांदणं होतं, वारा पाठीमागून होता. सुटली गाडी."

तुझा रविवार अजून आला नाही. हे पत्र आत्ता टाकलं तर शनिवारी तुझ्या हातात पडेल. नाही टाकलं तर तू येशील. तू आल्यावर मी म्हणू शकतो, अरेच्चा, सकाळीच तर होता. जाड्या असता तर म्हणाला असता, गप्प बस, येऊ दे तिला. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्या नोकरीत मी एक शिकले. गाडी रद्द झाली असेल तर ते आधी सांगायचं. लोक शिव्या देतात. द्यायच्या तर देऊ देत."

म्हणून सांगतोय. तू ज्याच्यासाठी येणार होतीस तो इथे नाही.

मी तासभर रिकाम्या दांड्याकडे बघत बसलो होतो. आत्ता तो कुठल्यातरी डोंगरावर, अंधारात, तेवढ्याशा धडधडीवर वर वर चाललाय. त्याला कुणी थोपवलं नाही, कुणी ढकललं नाही. तो माझ्या बोटावर बसला होता हे आता मलाच खरं वाटत नाही. बोट मात्र रोज बघतो.

भोरड्या अजून आहेत. हे आमिष नाही. आहेत म्हणून लिहिलं.

काडेपेटी


सोमवार

काल संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस आणि मी आज उजाडताच लिहायला बसलोय, म्हणजे सवय बघ. फोन केला तरी चालेल म्हणालीस. करतो. आधी हे.

दुपारची गाडी वळणावर आली तेव्हा मी फाटकाशी गेलो नव्हतो. न्हाणीघरामागे उभा होतो. पत्र तुला मिळालं असणार हे मी गृहीत धरलं होतं, आणि मिळाल्यावर येण्याचं काही कारण उरत नव्हतं. तेवढ्यात आत्याचा आवाज आला, पूर्ण ताकदीने, "लक्ष द्या. दुपारची गाडी आलेली आहे. उतरलेले प्रवासी, एक."

"पत्र शनिवारी मिळालं," तू म्हणालीस.

"तरी आलीस?"

"दुर्बीण न्यायची होती. आणि सर म्हणत होते, पत्रात तुझं अक्षर सुधारलंय."

मग तू हापशाशी गेलीस आणि दांड्यावर जिथे गंज घासून गुळगुळीत झालाय तिथे बोट ठेवलंस. "इथेच?" मी मान हलवली. तू बोट बराच वेळ उचललं नाहीस.

तळ्यावर आपण किती वेळ बोललो नाही ते मला सांगता येणार नाही. मला वाटत होतं, आज त्याही गेल्या असतील आणि सगळंच रिकामं निघेल. आणि मग तो मळकट डाग. या वेळी मी आभाळाकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघितलं, ते तुला कळलं नसेल. तुझं तोंड उघडंच राहिलं होतं, लहान मुलीसारखं. ससाणा आला, थव्याची मूठ झाली, आणि तू माझी बाही घट्ट धरलीस. थवा गवतात उतरल्यावरही ती तुझ्या मुठीतच होती. तुला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि हात कसा ठेवायचा तेही.

थांब्यावर गाडीच्या पायरीवर चढून आत्याला म्हणालीस, "आत्या, पुढच्या थंडीला काचेच्या पट्ट्या बदलाव्या लागतील. तो यायच्या आधी. मी येते."

आत्या म्हणाली, "नोंद घेतली आहे." तिचा आवाज जरा बसला होता. धुळीने, म्हणाली.

आत्ता स्वयंपाकघरात आलो तर काचेशी, खिडकीच्या फळीवर, तुझी दुर्बीण. पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला. न्यायला आली होतीस ना? गडबडीत राहिली असेल.

सुखरूप आहे.